हाज स्लीमेनचं शेवटचं अक्षर

हेश्मी मास्तर बोलायला लागले की थांबायचं कुठे हे त्यांना कळत नाही, हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. गंमत अशी की स्फाक्स शहरातल्या तांत्रिक शाळेत सव्वीस वर्षं या माणसानं मुलांना शिकवलं ते थांबायचं कुठे, हेच.

सी या संगणकाच्या भाषेत नाव म्हणजे नुसती ओळीनं मांडलेली अक्षरं. शेवटच्या अक्षरामागे एक शून्य ठेवायचं. ते दिसलं की यंत्र थांबतं. नसलं, तर बिचारं पुढे वाचतच सुटतं. एका जागचं नाव दुसरीकडे कसं उतरवतात हे दाखवायला मास्तर वर्गात चहाची किटली आणि एक चिमुकला पेला आणत आणि ओतत राहत. पेला भरे, टेबल भिजे, पहिल्या बाकावरच्याची वही भिजे.

"ओतणारा पेल्याकडे बघत नाही, बाबांनो. किटली संपेपर्यंत ओततो. पेला पुरेसा मोठा ठेवणं हे तुमचं काम."

शून्यासाठी जागा न ठेवणाऱ्याला ते नापास करत. मोकदाद दोनदा नापास झाला आणि शाळा सोडून बापाच्या तेलघाण्यावर बसला. पुढे मास्तर निवृत्त झाले, तेव्हा त्यानंच त्यांना घाण्यासाठी संगणकावर चालणारा फलक करायला सांगितला. कुठल्या टाकीत कुणाचं तेल, ते त्यावर दिसायचं. आमच्याकडे प्रत्येकाला तेल हवं ते आपल्याच झाडांच्या ऑलिव्हचं. शेजाऱ्याची मुलगी सून म्हणून चालते, तेल चालत नाही.

मास्तरांनी प्रत्येक नावाला चोवीस जागा दिल्या. वर जपून, नावं उतरवायला दुसरं फंक्शन, म्हणजे तयार आज्ञा, घेतलं, चोवीस अक्षरं उतरली की हात आवरणारं. सांडलवंड नाही. तीन आठवडे सगळं छान चाललं.

मग लल्ला मब्रूका आली; लल्ला म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब. तिचं वर्षभराचं तेल सातव्या टाकीत उतरलं होतं. पहिल्या तेलात बुडवायला रोटी हातात घेऊन तिनं वर पाहिलं. फलकावर होतं: 'मब्रूका बेंत हाज स्लीमेनफर्जानी गेस्मी'.

बेंत म्हणजे मुलगी; हाज स्लीमेन तिचा बाप, फर्जानी तिचा शेजारी. विहिरीवरून अकरा वर्षं दोघांत बोलणं नाही.

"मोकदाद, हे काय आहे?"

"फलक आहे, लल्ला."

"ते मलाही दिसतंय. माझ्या टाकीत फर्जानी काय करतोय?"

"तो शेजारच्या टाकीत आहे. आठव्या."

"मग माझ्या बापाला चिकटून का उभा आहे? त्याचं तेल माझ्यात सोडलंस तू. हे मी घरी नेणार नाही. ओत मातीत."

रांगेतले लोक कुजबुजू लागले. दोघांनी तर पोती परत गाढवगाडीवर चढवायला घेतली.

मास्तरांना बोलावलं. त्यांनी फलकावरची रोमन अक्षरं बोटांवर मोजली, मधल्या मोकळ्या जागांसकट. बरोबर चोवीस. ते जपून वागणारं फंक्शन चोविसाव्या अक्षरावर थांबलं होतं खरं, पण जागा उरली तरच ते शून्य ठेवतं. इथे उरली नव्हती. फलक वाचत वाचत शेजारच्या नावात शिरला होता.

मोकदादनं त्यांना बाजूला ओढलं. "मास्तर, वायरीत पाणी गेलं म्हणून सांगतो."

"तुला मी कशासाठी नापास केलं होतं?"

"दोन्ही वेळा ह्याच्याचसाठी."

"मग वायरीला कशाला नापास करतोस?"

पण लोकांपुढे मास्तर बोलले ते मात्र फंक्शनाबद्दल, त्याच्या स्वभावाबद्दल, ते कुणी आणि का केलं याबद्दल. शेवटी त्यांनी नावातलं एक अक्षर काढलं. फर्जानी फलकावरून नाहीसा झाला. लल्लानं सातव्या टाकीच्या तोटीखाली रोटी धरली, खाल्ली, डोळे मिटून बराच वेळ चघळली.

"तेल माझं आहे," ती म्हणाली.

मोकदादनं सुस्कारा सोडला. जरा घाईच केली त्यानं.

"आणि माझ्या बापाचं शेवटचं अक्षर कुठे गेलं?"

"लल्ला, एका अक्षरानं काय होतंय?" मास्तर म्हणाले.

"तुझ्या बापाचं काढून बघ. जागा तुझी कमी पडली, मास्तर. ती वाढव. माझ्या माणसाला कशाला कापतोस?"

किटली-पेला घेऊन सव्वीस वर्षं मास्तरांनी जे सांगितलं, ते या संगणकाला कधी हात न लावलेल्या बाईनं रोटी चघळत त्यांनाच परत केलं होतं.

ते खाली बसले. चोविसाच्या जागी पासष्ट केल्या: चौसष्ट अक्षरांसाठी, आणि शेवटची फक्त शून्यासाठी, आपल्या हातानं राखून ठेवलेली. याला दोन तास लागले. तेल डब्यांत भरून झालं तरी लल्ला हलली नाही. फलकावर बाप पूर्ण उभा राहिलेला पाहूनच तिनं डबे उचलायला सांगितलं.

मोकदादनं मास्तरांसाठी चहा ओतला, काठाच्या बोटभर खाली थांबून. रांगेतल्या एकानं विचारलं, "मास्तर, नेमकं झालं काय होतं?"

"चूक माझी होती," मास्तर म्हणाले.

सगळे पुढचं ऐकायला सरसावून बसले. पुढे काही नव्हतं.