उणे ऐंशीला झेंडूचा हार

थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन निघालेल्या बाईला कोणी सुखाने बसू देत नाही. कोल्हापूरहून हुबळीची बस सुटायच्या आतच कंडक्टरने दोनदा विचारलं, "मासे हायत का?" नाहीत म्हटल्यावर म्हणाला, "मग डिकीत टाका." मी टाकला नाही. निपाणी गेल्यावर शेजारच्या गृहस्थांनी आत काय आहे ते विचारलं. खरं बोलण्याची खोड असल्यामुळे मी म्हणाले, "जंतूंच्या शरीरातलं एक प्रथिन आहे." पुढच्या थांब्यावर ते उठले आणि ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. नको असेल तर विचारावं कशाला?

डब्यात कोरड्या बर्फावर बारा नळ्या होत्या. बहुतेक जीवाणूंभोवती एक भिंत असते आणि ती बांधणारी प्रथिनं म्हणजे त्यांचे गवंडी. पेनिसिलिनच्या जातीची औषधं या गवंड्यांचे हात धरून ठेवतात, भिंत अर्धी राहते आणि जंतू फुटतो. पण काही जंतूंनी आता असे गवंडी घडवलेत की औषध त्यांना चिकटतच नाही. त्यातला एक मी आठ महिने खपून शुद्ध केला होता. त्याचा आकार दाखवणारं यंत्र आमच्याकडे नाही, धारवाडच्या एका संस्थेत आहे. तिथली वेळ मिळाली ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची. ऐन सणात बस मिळायची नाही म्हणून अष्टमीलाच निघाले.

धारवाडला उतरले तेव्हा राग थोडा निवला. उतारावरचे रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं आणि दुपारीसुद्धा अंगाला गार लागणारा वारा. संस्थेत बसप्पा नावाचे पन्नाशीतले मदतनीस वाट बघत होते. त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला आणि नळ्या स्वतः फ्रीजरमध्ये रचल्या. या फ्रीजरला सगळीकडे 'उणे ऐंशी' म्हणतात, कारण आत शून्याखाली ऐंशी अंश थंडी असते.

"उद्या आयुध पूजा, तुमची खंडेनवमी आहे मॅडम. या की. सगळं मशीन पुसून पूजा करतो," बसप्पा म्हणाले. मी "येते" म्हणाले आणि गेले नाही.

नवमीला हुबळीला जाऊन उणकलच्या तळ्याकाठी बसले, गिरमिट (मसाला घातलेले ओले चुरमुरे) खाल्लं. मुक्काम धारवाडातच, केलगेरीला सुधाअक्कांकडे होता. त्या आईच्या मैत्रीण, निवृत्त शिक्षिका. दसऱ्याला त्यांनी होळगी (पुरणपोळी) वाढली आणि हातावर बन्नी (शमीची पानं) ठेवली.

"बस की गं निवांत. ते तुझे जंतू कुठं ठेवलीस?"

"संस्थेत, उणे ऐंशीला. अगदी सुरक्षित."

एकादशीला सकाळी आठला संस्थेत पोचले. बसप्पा यंत्रांवरचे हार उतरवत होते. उणे ऐंशीच्या दारावर विभूतीचे तीन पट्टे होते, वर झेंडूचा हार होता आणि आकडा दाखवणारी चौकट काळी होती. प्लग तारेसकट गुंडाळून वर ठेवला होता.

"दोन दिवस रेस्ट दिलो मॅडम. वर्षभर कामच करतंय की ते पण."

नळ्या बाहेर काढल्या. सगळ्यांतला द्राव वितळला होता आणि त्यात फाटलेल्या दुधासारख्या पांढऱ्या गुठळ्या तरंगत होत्या. आठ महिने! मी तळ्याकाठी चुरमुरे खात होते तेव्हा इथे माझा गवंडी कुजत होता. जगात गार ठेवण्यासाठी म्हणून जे एक यंत्र बनवलं, त्यालाच विश्रांती द्यायची? मी बसप्पांना काय काय बोलले ते आज लिहवत नाही. ते मान खाली घालून हार हातात धरून उभे होते.

विभागाचे सर आले. म्हणाले, "लेखी द्या. कंत्राटी माणूस आहे, उद्यापासून येणार नाही." त्यांच्या दारावर पूजेचा फोटो लावला होता. त्यात उणे ऐंशीसमोर आरती ओवाळत होते ते स्वतः सरच. मी बोट दाखवलं.

"हो, पण प्लग त्याने काढला," सर म्हणाले.

हे उत्तर ऐकून मी उठून जायला हवं होतं. मी रागाने पानभर तक्रार लिहिली आणि सही केली.

परतताना सुधाअक्कांनी रिकाम्या डब्यात पेढे भरून दिले. कंडक्टरने आत काय म्हणून विचारलं. मी "मासे" म्हणाले. त्याने डबा डिकीत टाकला आणि मी टाकू दिला. बेळगावपर्यंत मनातल्या मनात सगळ्या धारवाडला शिव्या घातल्या. निम्म्या नळ्या कोल्हापुरात मागे ठेवल्या होत्या, हे माझं नशीब.

दुसऱ्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेत शिरले. आमचा उणे ऐंशीसुद्धा हार घालून, कुंकू लावून उभा होता आणि घरघर करत चालू होता. प्लगच्या वर एक पिवळी पडलेली चिठ्ठी होती: 'पूजेलासुद्धा बंद करायचा नाही.' अक्षर माझं. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडेही हेच झालं होतं, असाच थयथयाट करून मी ती चिकटवली होती. मग ती रोज डोळ्यांसमोर असून दिसेनाशी झाली. धारवाडला बारा नळ्या सांभाळून नेल्या आणि हे चार शब्द न्यायला विसरले. लाज वाटली.

धारवाडच्या सरांना फोन करून तक्रार मागे घेतली. मग तासाभराने बसप्पांना केला.

"चूक माझी होती बसप्पा. कामावर आहात ना?"

"हाय. सकाळी येऊ नको म्हटले होते सर, आत्ता परत बोलावले." त्यांनीच पुढे विचारलं, "अक्का, परत कधी येता?"

"पुढच्या महिन्यात. उरलेल्या नळ्या घेऊन."

मग त्यांना चिठ्ठीचं सांगितलं. ते म्हणाले, "ती आधी पाठवून द्या. कन्नडात मी लिहून घेतो, खाली सही तुमची पाहिजे. पूजेच्या दिवशी हे फ्रीजर एक तरी चालू ठेवू का म्हणून विचारलो होतो मी. सर नको म्हटले."

हे त्यांनी तिथे सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.