तेल आधी, पेट्रोल नंतर

१ ऑक्टोबर. उद्या दसरा, म्हणून अंगणात मोटरसायकल धुवायला काढली. बादलीत साबणाचं पाणी, दातांचा जुना ब्रश आणि नवऱ्याचं फाटकं बनियन. गेल्या वर्षापर्यंत त्यांनी या कामाला मला हात लावू दिला नव्हता. या वर्षी ते खुर्चीत बसले होते आणि मी एकेक स्पोक घासत होते.

गाडी टू-स्ट्रोक, आमच्या लग्नाआधीची. हिच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं, नाहीतर इंजिन आतून कोरडं पडून जाम होतं. नवरा केळीच्या व्यापाऱ्याकडे कामाला होता. मळ्यामळ्यात जाऊन घड बघायचे आणि भाव बोलायचा. देडतलाईपर्यंतचा चिखल या गाडीने तुडवला. व्यापाऱ्याने एकदा नवी गाडी देऊ केली, ती त्यांनी दुसऱ्याच माणसाला द्यायला लावली.

हसलं नाही असं कोणी राहिलं नाही. जैनाबादला नणंद राहते. गल्लीत आमचा आवाज आला की ती खिडकी लावता लावता ओरडायची, "आली रे मच्छर मारायची गाडी!"

"ताई, फुकट फवारणी करून देतो, चहा तरी पाज," हे खाली उतरायच्या आत म्हणायचे.

मीही सोडलं नाही. शाळेत जायला मी स्कूटर घेतली तेव्हा सरळ सांगितलं, ही विकून टाका. धूर आहे, ॲव्हरेज नाही, पार्ट मिळत नाहीत.

"पार्ट मी शोधतो. तू फक्त मागे बस. आणि तुझ्या त्या स्कूटरच्या डब्यावर मला कधी बसवू नकोस."

शोधायचेही. भुसावळच्या, खंडव्याच्या भंगारवाल्यांकडून हवा तो पार्ट रुमालात बांधून आणायचे आणि जेवणाच्या ताटाशेजारी ठेवून बघत बसायचे.

पेट्रोल पंपावर त्यांची एक पद्धत होती. झोळीतून बाटली काढून आधी टाकीत तेल ओतायचं, मग पेट्रोल. मग हँडल धरून गाडी दोन्ही बाजूंना सावकाश डोलवायची, म्हणजे दोन्ही नीट मिसळतं. मागे रांग खोळंबायची. एकदा मागचा पोरगा म्हणाला, "अंकल, लोरी भी सुना दो!"

"पहले तू अपनीवाली का सायलेन्सर बनवा, कब की रो रही है," हे म्हणाले आणि डोलवत राहिले. पंपावरची माणसंही हसली. मी मागे उभी राहून घड्याळ बघत होते.

ऑगस्टमध्ये नणंदेकडून परत येताना तापीच्या पुलावर गाडी गचका देऊन थांबली. मागचं चाक फिरेना. मी पडता पडता वाचले. टेम्पोत घालून गाडी मेकॅनिककडे नेली. त्याने इंजिन उघडलं आणि यांच्याकडे बघत राहिला.

"भाऊ, तेल कुठंय? कोरं पेट्रोल जाळलंय तुम्ही."

"मी? मी तेल विसरेन? कोणाला शिकवतो रे तू?"

असं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्याच सकाळी पंपावर मी सोबत होते. त्यांनी गाडी डोलवली होती, नेहमीसारखीच, घाई न करता. घरी येऊन झोळी तपासली. तेलाची बाटली सीलबंद होती.

त्याआधीही काही गोष्टी झाल्या होत्या. वयावर ढकलून मी मोकळी झाले होते. एकदा तर आमच्याच चौकात त्यांनी मला विचारलं होतं, "आता डावीकडे ना?" आता ढकलता येईना. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की हा विसर वाढत जाणार, औषधाने फार तर सावकाश वाढेल. आणि गाडी आजपासून बंद.

यांना गाडी बंद करा म्हणणं मला जमणार नव्हतं, आणि म्हटलं तरी दुसऱ्या दिवशी ते विसरले असते. मी मेकॅनिकला सांगितलं, "पिस्टन घालूच नका. आतून रिकामी ठेवा, वरून बंद करून द्या." यांना सांगितलं, पार्ट मिळत नाही. भुसावळला विचारलं का, खंडव्याला विचारलं का, असं ते आठवडाभर विचारत होते. मग थांबले.

तर आज गाडी धुऊन पुसून झाली. टाकी चमकायला लागली, तसे ते खुर्चीतून उठले.

"बघू जरा."

पाय किकवर ठेवला. मी ब्रश हातात धरून तशीच उभी राहिले. हा माणूस नुसत्या पायाच्या तळव्याने सांगायचा की प्लगवर काजळी धरली आहे. आता कळणार, वळून मला विचारणार, अगं, हिचं काळीज कुठं ठेवलंस? मी उत्तर तयार करत होते. खरं सांगायचं तर त्यांनी पकडावं म्हणून वाट बघत होते.

किक हवेत पाय मारल्यासारखी खाली गेली. त्यांनी पुन्हा मारली. पुन्हा.

"थंडी आहे ना," ते म्हणाले. "दोन-चार किक मागते."

अंगणात ऊन तापलेलं होतं. मी पाठीवरचा घाम पुसला आणि बादली नाल्यात ओतली.

२ ऑक्टोबर. सकाळी गाडीला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं. नणंदेकडे सोनं द्यायला जायचं होतं. मी स्कूटर काढली आणि म्हटलं, "अहो, बसा." ते मागे बसले. डबा म्हणाले नाहीत. वाटेत पंपावर पेट्रोल भरलं. मी झाकण लावत होते तेवढ्यात त्यांनी पुढे येऊन स्कूटरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं आणि तिला सावकाश डोलवायला लागले, एकदा इकडे, एकदा तिकडे. मागे हॉर्न वाजायला लागले. मी बाजूला होऊन त्यांना जागा दिली. त्यांचं झाल्यावर स्कूटर चालू केली आणि आम्ही पुलाकडे निघालो.