अक्कांचं नाक

एका बोक्याला मी घराबाहेर काढायला लावलं, आणि त्याचं खापर त्याच्याच डोक्यावर फुटू दिलं.

ही गोष्ट आजवर कुणाला सांगितली नव्हती. जिला सांगायला हवी होती, ती बाई काल गेली.

अक्का.

शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट. पुण्याहून बंगळूरला पहिल्या नोकरीसाठी आले आणि चिकपेटजवळ अक्कांकडे पेइंग गेस्ट म्हणून राहिले. जुनं मराठी घर. कापडाचं दुकान. खाली त्यांचे थोरले भाऊ अण्णा, वर अक्का, मी आणि शेट.

शेट म्हणजे बोका. चांगला चार-पाच वर्षांचा, एक कान फाटलेला. दुकानाच्या गोदामात गठ्ठ्यांखाली पाय अडकून पडला होता, तो अक्कांनी घरी आणला. पाय बरा झाल्यावर उशीवर मालकासारखा बसायचा, म्हणून शेट.

आणि हे शेट घरभर मुतायचे.

दाराला, खिडकीला, अण्णांच्या छत्रीला. शेपटी ताठ करून, आपल्याकडे बघत बघत!

अक्कांनी गुरांच्या दवाखान्यात नेऊन त्याचं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टर म्हणाले, सवय जुनी आहे, जायला महिना-दोन महिने लागतील. ओरडू नका. जागा साबणाच्या पाण्याने धुवा, नंतर साध्या पाण्याने, आणि तिथेच त्याची जेवणाची ताटली ठेवा.

फिनाईल मात्र अजिबात नाही. मांजराला ते विष. शिवाय उग्र वास आला की बोका त्याच्यावर पुन्हा आपला वास चढवतो.

अडचण एकच होती. अक्कांना वासच यायचा नाही. तीस वर्षं तपकीर ओढून नाक कामातून गेलेलं.

म्हणून त्यांनी मला नेमलं.

"तुझं नाक पुण्याचं आहे, तिखट असणार," म्हणाल्या. "रोज सकाळी स्वल्प वास घेऊन सांगत जा."

रोज ऑफिसला जायच्या आधी मी कोपरे हुंगायचे. वास आला की अक्का गुडघे धरत खाली बसायच्या, धुवायच्या आणि कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने टिंब काढायच्या. टिंबं कमी होत गेली. हॉल सुटला, जिना सुटला, छत्रीसुद्धा सुटली.

राहिला माझ्या खोलीतला खिडकीचा कोपरा.

आता खरं सांगते. मला किळस यायची. माझ्या खोलीत मांजराची ताटली? आणि आमच्या घरी फिनाईलशिवाय पुसलेली फरशी ही पुसलेली धरतच नसत. गुरांच्या डॉक्टरला स्वच्छतेतलं काय कळतंय, असं मी मनात म्हणाले. हो, इतकी शहाणी होते मी.

कोपऱ्यावरून एक बाटली आणली आणि खाटेखाली लपवली. अक्का दुकानात गेल्या की ताटली बाहेर सरकवायची, कोपऱ्यात फिनाईल ओतायचं. संध्याकाळी त्या यायच्या आत ताटली परत जागेवर.

सकाळी अक्का विचारायच्या, "वास येतो काय गं?"

"नाही अक्का."

लाल टिंब नाही. अक्का खूश.

शेट मात्र रोज तिथेच यायचा. आता कळतं, तो बिचारा माझ्या फिनाईलशी भांडत होता.

अण्णांनी नवरात्रापर्यंतची मुदत दिली होती. त्यांच्याकडे नऊ दिवस पायऱ्यांवर बाहुल्या मांडायचा रिवाज. गल्लीतल्या बायका बघायला येतात, तेव्हा घरात वास नको. वास राहिला तर बोका परत गोदामात.

बाहुल्यांची पेटी माझ्याच कोपऱ्यात होती. अण्णा ती काढायला वर आले. त्यांच्या आजीच्या हातच्या रेशमी तुकड्यांत गुंडाळलेल्या लाकडी बाहुल्या. सगळ्यात खालचं रेशीम ओलं, पिवळं.

 तो तुकडा अण्णांनी अक्कांच्या हातात दिला.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "रोज वास घेत होतीस ना गं?"

"हो अक्का. कालपर्यंत काहीच नव्हतं."

मग त्या शेटकडे वळल्या. "म्हणजे तूच लबाड निघालास."

कापडी पिशवीत घालून, रिक्षाने, स्वतः सोडून आल्या. पुढे रोज दहीभाताचा डबा घेऊन गोदामात जायच्या. पहिले काही दिवस तो गठ्ठ्यांमागून बाहेरच आला नाही म्हणे.

आणि मी? सुटले म्हणाले. छान झोपले. ते आठवलं की आजही स्वतःची लाज वाटते.

दोन महिन्यांनी ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेतला आणि घाईत सामान हलवलं. बाटली खाटेखालीच राहिली.

आठवड्याने ऑफिसात अक्कांचा फोन आला.

"शेटला घरी आणलं."

"अरे वा, अक्का."

"आधी तुझी खोली धुतली. नुसत्या साबणाच्या पाण्याने. चार वेळा."

मला खाटेखालची बाटली आठवली.  मग अक्का म्हणाल्या, "सरी, बरं. जेवलीस काय?"

बस, एवढंच. बाटलीचं नाव काढलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

दर नवरात्रात फोन यायचा. बाहुल्या बघायला ये गं, शेट पण आहे, आता शहाणा झालाय, कॅलेंडर कोरं आहे. मी दर वेळी कामाचं निमित्त सांगायचे. कुठल्या तोंडाने जाणार होते?

शेट पुढे नऊ वर्षं त्या घरात राहिला. माझ्या खोलीत, त्याच खिडकीत झोपायचा. मी त्याला पुन्हा पाहिलं नाही. अक्कांनाही नाही.

आज सकाळी अण्णांच्या मुलाचा मेसेज आला. खाली लिहिलं होतं, आत्या तुमची आठवण काढायच्या, म्हणायच्या, तिचं नाक फार तिखट होतं.

अक्का, वास येत होता.

रोज येत होता. मी खोटं बोलले. लबाड शेट नव्हता.

हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तरी तुम्ही मला जेवलीस का विचारलंत.

नमस्कार करते, अक्का. शेटला माझं सॉरी सांगा.