लिहायचा हात

नव्या पद्धतीनं शिकवणाऱ्यांना आणि त्यावर संशोधन करणाऱ्यांना विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभाग एक फेलोशिप देतो. यंदा निवड समितीत मी आहे. हल्ली अर्जासोबत वर्गाचा व्हिडिओ येतो. काल डोंबिवलीच्या घरी चहा घेत एक लावला. बाईंनी प्रश्न विचारला आणि अख्ख्या वर्गाचे हात वर. मला हसू आलं. निम्मे हात डावे होते.

ही युक्ती माझ्या चांगल्या ओळखीची. पाठ बघायला कुणी येणार असलं की मुलांना आदल्या दिवशी सांगून ठेवायचं: उत्तर येत असेल तर उजवा हात, नसेल तर डावा. वर्ग हुशार दिसतो आणि बाई बिनधास्त उजव्या हातवाल्यांना विचारतात. बी.एड.ला हे कुणी शिकवत नाही, पण येतं सगळ्यांना.

माझ्या वेळी समिती स्वतः वर्गात यायची. फेलोशिप हुकली तर पीएचडी सोडून क्लासेसमध्ये शिकवायचं, असं घरी ठरलेलं. त्यामुळे ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या आमच्या दोन खोल्यांत महिनाभर पुठ्ठे, खळ आणि रंग पसरलेले. आई पोळपाट ठेवायला जागा शोधत फिरायची. अजून खळीचा वास आला की त्या खोल्यांची फार आठवण येते.

पाठ होता खडवलीच्या शाळेत. सहावीचा वर्ग, विषय नदी. उजव्या-डाव्याचा गोंधळ नको म्हणून मी मुलांना सांगितलं होतं, येत असेल तर लिहायचा हात वर करा, नसेल तर दुसरा. मागच्या बाकावर समितीतले दोन सर आणि माझ्या मार्गदर्शक मॅडम. पाठ असा रंगला की विचारू नका. सर मान डोलावत बाहेर गेले. मॅडम थांबल्या.

"अगं, ती तिसऱ्या बाकावरची मुलगी. तासभर हात वर करून बसलेली. तू तिला एकदाही विचारलं नाहीस."

थाप जिभेवर आली होती. पण मॅडमसमोर माझं खोटं कधी टिकलं नाही. मी युक्ती सांगून टाकली. मॅडमनी त्या मुलीला बोलावलं.

"तुला उत्तर येत नव्हतं ना गं?" मी विचारलं.

"येत व्हतं, बाई. पूर गेला का आमच्या शेतात गाळ ऱ्हातो. त्यात वाल चांगला येतो."

"मग डावा हात का वर केलास?"

"तुम्ही बोल्लात ना, लिहायचा हात. मी ह्यानंच लिहिते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडमनी सगळं समितीला सांगितलं आणि फेलोशिप गेली. वर्षभर खोपटला क्लासेस घेत मी मॅडमवर धुसफुसत होते. मग त्यांनीच बोलावून घेतलं. "वर्गात कुणाला विचारायचं राहून जातं, त्यावर अर्ज लिही," म्हणाल्या. त्यावर मिळाली. मॅडम आता नाहीत. मागच्या बाकावर बसून मुलांचे हात बघणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

काल तो व्हिडिओ मी पुन्हा मागे नेला. खिडकीशी एक मुलगी, डावा हात वर, जवळजवळ उभीच राहिलेली. नियमात बसत नव्हतं, तरी अर्जदार बाईंना फोन लावला आणि ती कोण म्हणून विचारलं.

"ती होय, मॅडम? तिला काही येत नाही."

"विचारलंस कधी?"

"नाही, मॅडम."

"उद्या विचार," मी म्हटलं. "मी येते मागच्या बाकावर बसायला."