राजमतीआत्याचा उजवा हात

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. तासगावात आमचा बेदाण्याचा व्यवसाय आहे. माल मुठीत घेऊन, दाबून, वास घेऊन बघितल्याशिवाय मी शब्द देत नाही. इथे या सदरात लोकांनी लिहिलेले गूढ अनुभव मी वाचते, नाही असं नाही. पण चहा पिता पिता, आणि प्रत्येकाला मनातल्या मनात खोटं पाडत. आता माझ्यावरच लिहायची पाळी आली आहे, तेव्हा तुम्ही खुशाल मला खोटं पाडा. कुणी नीट पाडलंत तर उपकारच होतील.

विषय एका फोटोचा आहे. आमच्या बैठकीत तो कित्येक वर्षं लटकलेला आहे. माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, आत्या राजमती. सांगलीच्या हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरात दिलेली. फोटोत ती उघड्या टपाच्या विलायती मोटारीत स्टिअरिंगवर बसली आहे. काळा चष्मा, झुळझुळीत साडी, पदर डोक्यावर पण असा की डोक्यावर आहे हे त्यालाच कळू नये, आणि ओठांवर हसू... म्हणजे हसू नव्हेच, ताठा. स्टुडिओवाल्याने वरून रंग भरलेत. ओठ गुलाबी, बांगड्या हिरव्यागार. आजही पाहुणे आले की चपला काढायच्या आधी विचारतात, ‘‘ही कोण हो हिरॉइन?’’

अण्णा म्हणायचे, ‘‘हिरॉइन न्हाई, माझी आत्या हाय. आन् ती गाडी ती स्वतः चालवायची.’’

इथून पुढे घरात हशा. कारण हे कुणी मानतच नसे. ‘‘अण्णांची मोटार सुरू झाली,’’ म्हणून माझे चुलतभाऊ एकमेकांना कोपर मारायचे. त्या काळात बायका मोटारीत बसायच्या, फोटो काढायच्या आणि ड्रायव्हर बाजूला उभा राहायचा, हे सगळ्यांना माहीत. आत्याला मूलबाळ नव्हतं, माझ्या जन्माआधीच ती गेली, गाडी त्याच्याही आधी विकली गेली. साक्षीदार उरले एकटे अण्णा. ‘‘मी पाच-सहा वर्षांचा होतो, तिच्या शेजारी बसून सांगली ते तासगाव आलोय,’’ असं ते सांगायचे. खरं सांगू? मी हसत नव्हते, पण मानतही नव्हते. बापाचा मान ठेवून गप्प बसायचे, एवढंच.

गेल्या हिवाळ्यात शिरवळहून एक फोन आला. मोहिते म्हणून एक गृहस्थ. त्यांचा तिथे सुटे भाग बनवायचा कारखाना आहे आणि जुन्या गाड्यांचं वेड. सांगलीत जुन्या गाड्यांची रॅली आणि सोबत फोटोंचं प्रदर्शन भरवणार होते — गाड्या आणि त्यांचे मालक. आमच्या फोटोची प्रत त्यांनी कुठल्याशा नातेवाइकाकडे पाहिली होती. आणि पुढचं वाक्य ऐकून मी खुर्चीतून उठलेच. त्या फोटोतली गाडी त्यांच्याकडे होती! जतकडच्या एका शेतावर मेंढरांच्या वाड्यात सापडली म्हणे. मेंढ्या मागच्या सीटवर झोपायच्या. दोन वर्षं खपून त्यांनी ती उभी केली. नंबरची पाटी तीच.

अण्णांना सांगितलं तसे ते तडक उठले. आत गेले, इस्त्रीची टोपी घालून बाहेर आले आणि म्हणाले, ‘‘चल.’’ त्यांना समजावून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवावं लागलं.

अण्णा अठ्ठ्याऐंशीचे आहेत. गाडीत बसल्यापासून त्यांचं एकच चाललं होतं. ‘‘त्रिशला, फोटोखाली काय लिवणार हायेत ते विचार. ‘गाडी चालवताना’ असं पायजे. जायच्या आधी भिंतीवर तेवढं वाचायचंय मला.’’ कऱ्हाड गेलं, सातारा गेलं, खंबाटकी उतरलो, तरी तेच. माझा नवरा ऑल्टो चालवत होता आणि आरशातून माझ्याकडे बघत होता. मी गाडी चालवत नाही. एकदा शिकायला बसले होते, तेव्हा आमच्याच बेदाण्याच्या शेडचा खांब पाडला. त्यानंतर किल्लीला हात लावलेला नाही.

मोहिते माणूस चांगला. वयाने साठीचे, सातारी बोलणं, अण्णांच्या पाया पडले. गाडी कारखान्यामागच्या अंगणात उन्हात उभी होती. गडद निळी, पितळी दिवे, पायरीवर रबर. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. अण्णांनी बॉनेटवर हात ठेवला आणि नुसते उभे राहिले. मी तोंड फिरवलं.

मग अण्णांनी फोटोखालच्या मजकुराचा विषय काढला. मोहिते जरा चाचरले.

‘‘आवं अण्णा, राग मानू नका. पन आमी ‘गाडीत बसलेल्या’ असं लिवलंय. चालवताना न्हाई लिवता येत.’’

‘‘का?’’

‘‘हे बघा की. या गाडीचा गिअर उजव्या हाताला हाय, दाराला चिकटून. हँडब्रेक बी तिथंच. मूठभर जागा हाय. आन् फोटोत बाईसाहेबांचा उजवा हात मनगटापासून काचंच्या बांगड्यांनी भरलाय. एक गिअर टाकला तर चुरा हुईल. ही बसवलेली पोज हाय, अण्णा. लय फोटोंत आसंच असतं.’’

मुद्दा बिनतोड होता. मी गाडीत वाकून बघितलं. लिव्हर आणि दार यांच्यामध्ये माझी मूठ जेमतेम बसली. अण्णा म्हणाले, ‘‘मी खोटं बोलतोय व्हय?’’ आणि त्यांचा आवाज फाटला. हसणाऱ्या पुतण्यांपुढे ते कधी असे बोलले नव्हते. मोहित्यांनाच कसंनुसं झालं. ‘‘तसं न्हवं, तसं न्हवं’’ करत त्यांनी विषय बदलला. गाडी चालू करून दाखवतो म्हणाले, केलीही. इंजिनाचा आवाज ऐकून अण्णा जरा निवळले. मोहित्यांनी त्यांना हात देऊन डावीकडच्या सीटवर बसवलं.

‘‘ताई, तुमी बी बसा स्टिअरिंगवर. आत्यासारका फोटो काढू. इंजिन असू द्या चालू, गिअरमधे न्हाई. फकस्त कशाला हात लावू नका.’’ आणि ते मोबाइल घेऊन समोर गेले.

मी बसले. आता जे लिहिते ते जसं झालं तसंच लिहिते.

मला कसलाही वास आला नाही, गारवा जाणवला नाही, डोळ्यांपुढे अंधारीही आली नाही. फक्त भीती गेली. गाडीची जी भीती खांब पाडल्यापासून माझ्या पोटात बसली होती, ती बसल्याबसल्या निघून गेली, आणि तिच्या जागी ताठा आला. दुसरा शब्द नाही. असा ताठा की सगळं अंगण माझं आहे.

मी उजव्या हातातल्या दोन्ही बांगड्या काढल्या. मग हात लांब करून अण्णांच्या डोक्यावरची टोपी काढली, उलटी केली, बांगड्या तिच्यात टाकल्या आणि टोपी त्यांच्या मांडीवर ठेवली.

आमच्याकडचे लोक समजतील. वडिलांच्या डोक्याची टोपी काढणं... मी उभ्या आयुष्यात असं केलेलं नाही, करणार नाही. पण हाताने ते इतकं सवयीने केलं, जसं मी रोज शेडचं कुलूप उघडते.

आणि गाडी निघाली.

मी चालवत होते. ‘कुणीतरी माझ्याकडून चालवून घेत होतं’ वगैरे मी म्हणणार नाही, पाय माझे होते. पहिला गिअर, दुसरा. उजवा पाय मधल्या पेडलवर होता, आणि तो तिथे का आहे असा प्रश्नही पडला नाही. वजनकाट्याला वळसा घातला, फाटकापाशी कामगार डबे सोडून बघत उभे होते, त्यांच्याकडे बघून मी मान किंचित डावीकडे झुकवली, गिअर खाली घेतला, वळवली आणि होती तिथे आणून उभी केली. चाकं होती त्याच खुणांवर. हँडब्रेक ओढला. मोहिते मागून धावत आले होते, धापा टाकत होते. माझा नवरा तोंड उघडं ठेवून उभा होता.

मग मात्र मला दार उघडून खाली उतरता येईना.

मोहित्यांनी आधी इंजिन बंद केलं. मग म्हणाले, ‘‘ताई, ही गाडी कुठं शिकला तुमी?’’

‘‘मला ऑल्टो येत नाही.’’

‘‘थट्टा करू नका. ह्या गाडीत मधलं पेडल ॲक्सिलरेटरचं हाय. ब्रेक उजवीकडं. माझ्या थोरल्यानं ब्रेक समजून मधलं दाबलं आन् गाडी भिंतीवर घातली. आन् गिअरला क्लच दोनदा दाबावा लागतो, न्हाईतर किचाट करतो. मला म्हैना लागला. तुमी एकदा बी वाजू दिला न्हाई.’’

मी अण्णांकडे बघितलं. टोपी दोन्ही हातांत धरून ते रडत होते. दुःखाने नव्हे. माफी मागायला मी तोंड उघडलं, तर त्यांनीच हात वर केला.

‘‘ती आसंच करायची,’’ ते म्हणाले. ‘‘तिच्या बांगड्या सैल असायच्या, सरसर निघायच्या. माझी जरीची टोपी काढायची, त्यात घालायची आन् म्हनायची, संभाळ रं बाळा. आन् घरात कुनाला सांगू नगं. सवाष्णीचा हात मोकळा बघितला तर सगळी मला खातील.’’

‘‘अण्णा, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही.’’

‘‘कुनालाच न्हाई. तिनं सांगू नगं म्हनलं हुतं.’’ टोपीतल्या बांगड्या माझ्या हातावर ठेवत ते म्हणाले, ‘‘आन् मग मीच इसरलो गं. तू टोपी काढलीस, तवा आठवलं.’’

मोहिते ऐकत होते, पण माणूस पक्का. ‘‘अण्णा, मला तुमचं खरं वाटतंय,’’ ते म्हणाले, ‘‘पन फोटोत बांगड्या हायेत त्याचं काय करू?’’

त्याचं उत्तर मी घरी आल्यावर शोधलं. फोटो खिळ्यावरून काढला, फ्रेमची मागची फळी काढली, काच बाजूला केली आणि उन्हात नेऊन बघितला. इतकी वर्षं काचेतूनच बघत होते. रंग दिलेला माल ओळखणं हा माझा धंदा आहे, मंडळी. डाव्या हातातल्या बांगड्या खऱ्या. प्रत्येकीवर उजेडाची रेघ होती, वरून हिरवा रंग हलकेच फिरवलेला. उजव्या हातात नुसता रंग. चकाकी नाही, सावली नाही, कुंचल्याचे फराटे. एका ठिकाणी खपली उडाली होती आणि खाली मोकळं मनगट दिसत होतं. स्टुडिओवाल्याने आपणहून, नाहीतर सासरच्या कुणी सांगितलं म्हणून, सवाष्णीचा मोकळा हात रंगाच्या बांगड्यांनी झाकला होता. आणि त्यांनी झाकलेल्या त्या हातानेच शिरवळला माझ्या बापाला खोटं ठरवलं.

मी त्याचा फोटो काढून मोहित्यांना पाठवला. त्यांचा उलट फोन आला तो अण्णांसाठी.

प्रदर्शन झालं. सांगलीच्या त्या हॉलमध्ये पुष्कळ देखणे फोटो होते. फेटेवाले जमीनदार, शिकारी टोप्या, कुत्री, एक वकील तर चक्क मोटारीच्या छपरावर बसलेले. पण गर्दी होती ती आमच्या फोटोपुढे. खाली लिहिलं होतं: ‘श्रीमती राजमतीबाई, स्वतःची मोटार चालवताना.’ शेजारी मोहित्यांनी मोबाइलवर टिपलेला माझा फोटो लावला होता. गाडी तीच, पाटी तीच, उजवं मनगट मोकळं. कोपर मारणारे दोघे चुलतभाऊ रांगेत उभे राहून आले. अण्णांनी मजकूर एकदा मनात वाचला, एकदा मोठ्याने वाचला, आणि मग ओळखीच्या-अनोळखी प्रत्येकाला हाताला धरून आणून वाचायला लावला. तो दिवस मी आयुष्यात विसरणार नाही.

रॅलीच्या वेळी मोहिते मला म्हणाले, तुम्हीच न्या गाडी. मी बसले. अण्णा शेजारी. बांगड्या काढल्या, या वेळी आठवणीने. आणि काहीही झालं नाही! गिअर असा किंचाळला की कबुतरं उडाली. शेवटी गाडी मोहित्यांनीच चालवली आणि मी मागे मेंढ्यांच्या जागी बसले.

मी बराच विचार केलाय. लहानपणी कुठे बघितलं असेल का? अशी गाडी मी आधी पाहिलेलीच नव्हती. अण्णांनी नकळत सांगितलं असेल? पाच वर्षांच्या पोराला पेडल काय कळणार, आणि टोपीचं तर ते स्वतःच विसरले होते. नवरा म्हणतो, योगायोग. मी त्याला म्हटलं, योगायोगाने एकदा ऑल्टो चालवून दाखव मला. मध्यंतरी मीही जिद्दीने ऑल्टोत बसले. उजवा पाय आपोआप मधल्या पेडलवर गेला आणि गाडी जागची हलली नाही. आमच्या गाडीत तिथे ब्रेक आहे.

मला उत्तर सापडलेलं नाही, आणि अण्णांना नको आहे. काल संध्याकाळी पाहुणे आले होते. त्यांनी नेहमीचंच विचारलं, ही हिरॉइन कोण? अण्णांनी टोपी काढून मांडीवर उलटी ठेवली आणि म्हणाले, ‘‘बसा. सांगतो.’’

घरात कुणीही हसलं नाही.