प्रियाची शीर आणि माझी कोलंबी

आमच्या डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या, वर्गात प्रियाने सुई हातात घेतली की पेशंट गप्पा मारत राहतो. मी घेतली की तोच देवाचं नाव घेतो. जतच्या शाळेत मी बारावी सायन्सला दुसरा आलो होतो. ही दिवाळे गावातली, सकाळी आईला बोंबील वाळत घालू लागून कॉलेजला येणारी. कपड्यांना वास येतो म्हणावं, तर तोही येत नाही. कोपराच्या खळग्यात बोट फिरवते, थांबते, झालं. शीर बघावीही लागत नाही.

"कसं जमतं गं?" मी एकदा विचारलं.

"कोलंबीच्या पाठीतला काळा धागा काढलायस कधी?"

"आम्ही माळकरी."

"मग राहू दे, बाबासो. तुजी सुरुवात लय लांबून हाय."

बेलापूरच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सहा महिन्यांचं ट्रेनिंग होतं. जागा एक, नावं दोन उरलेली, तिचं आणि माझं. आम्हाला शिकवणाऱ्या जयमाला मॅडम म्हणाल्या, "शनिवारी कॉलेजच्या कलेक्शन सेंटरवर बघते तुमचं काम. मग ठरवू."

शनिवारी माझ्या वाट्याला श्यामसुंदर आजोबा आले. शीर दोनदा निसटली. कसंबसं रक्त आलं. जांभळ्या टोपणाची नळी भरली, पिवळ्या टोपणाची अर्धीच राहिली. तिसऱ्यांदा टोचायची माझी छाती नव्हती, टोचून घ्यायची आजोबांची. शेजारी प्रियाचा चौथा पेशंट हसत उठला. मी पाठ फिरवली आणि जांभळीतलं थोडं पिवळीत ओतलं. एकाच माणसाचं रक्त, काय बिघडतं?

तासाभराने मशीनने पोटॅशियम दाखवलं, अकरा. साडेपाचच्या वर गेलं की डॉक्टरांची धावपळ होते. एवढा मोठा आजार आपण पकडला म्हणून मी आकडा सुवाच्य अक्षरात लिहिला आणि मॅडमकडे निघालो.

वाटेत प्रियाने कागद वाचला, काचेतून बाहेर पाहिलं. आजोबा पार्किंगवरून वॉचमनला झापत होते.

"अकरावाला मानूस असा भांडतो?" ती म्हणाली. मग आवाज उतरवून, "जांभळीतलं ओतलंस ना? रक्त गोठू नये म्हणून तिच्यात जे घातलेलं असतं, ते पोटॅशियमचंच हाय. शिकवलंय आपल्याला."

शिकवलं होतं. परीक्षेत त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी होते. तिला अर्धा कमी.

तिने मॅडमना सांगितलं, "याचं सॅम्पल पुन्हा घ्यायला लागेल."

"का?"

प्रियाने माझ्याकडे पाहिलं आणि नव्या नळीवर आजोबांचं नाव लिहायला घेतलं. ती बोलली असती तर मला निदान तिला शिव्या तरी घालता आल्या असत्या. मी सांगितलं, इतकं हळू की मॅडमनी दोनदा विचारलं.

आजोबा आत आले ते बजावतच, "या पोरीकडूनच घेईन." एका टोचणीत काम झालं. पोटॅशियम चार पॉइंट दोन. जागाही तिचीच झाली.

सोमवारी ती हॉस्पिटलला जायला लागली. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी तिच्या आईकडून पावशेर कोलंबी आणतो आणि कळंबोलीच्या खोलीत खिडकी लावून धागे काढतो. रूममेट आकाश खाऊन खाऊन गोल झालाय. माझा धागा मात्र अजून मधेच तुटतो.

काल तिची आई म्हणाली, "प्रियानी सांगलंय, तुला मोठी कोलंबी दे म्हनून. नवशिक्याला बरी पडते."

मी लहानच घेतली.