तारा ऐकत नाही

धारगळला महामार्गाच्या कडेला विनिता भाजी विकते. चार वाशांवर पत्रा, पुढे फळी आणि फळीवर स्वतःच्या मळ्यातली तांबडी भाजी, वाल, काकड्या, हंगामात ओले काजूगर. नवरा सखाराम डिचोलीला खाणीच्या ट्रकवर जातो. त्यामुळे दुकान, मळा, सासूबाई आणि पहिलीतली तारा, सगळं विनिताच सांभाळते.

ताराबद्दल घरीदारी एकच तक्रार होती. ती ऐकत नाही. शाळेत बाई फळ्याकडे बघा म्हणाल्या, की ही खिडकीकडे बघायची. घरी जेवायला बसली की घास तोंडात तसाच ठेवून बसायची. पोईचा पाव चावता चावता मध्येच थांबायची, तोंड उघडून श्वास घ्यायची, मग पुन्हा चावायची. सगळ्यांची जेवणं होऊन भांडी घासायला गेली तरी तिचं ताट तिथंच. झोपली की म्हाताऱ्या माणसासारखी घोरायची. सर्दी तर कायमचीच. औषध दिलं की थोडी हटायची, पुन्हा यायची. सासूबाई कमल म्हणायच्या, "बापाशीवर गेला गो. तोय लहानपणी असोच घोरी."

चतुर्थीच्या आधीच्या एका दुपारी दुकानावर गिऱ्हाइकांची गर्दी होती. विनिता काकड्या तोलत होती आणि तारा दुकानाच्या बाजूला मातीत खेळत होती. नारळ उतरवून झालेला एक टेम्पो मागे येऊ लागला. विनितानं हाक मारली. तारा हलली नाही. मागे येणाऱ्या टेम्पोचा पीं पीं आवाज चालूच होता. विनितानं पुन्हा ओरडून हाक मारली. तारा पाठमोरी बसून मातीत रेघा ओढत राहिली. विनितानं तागडी टाकली, धावत जाऊन पोरीला काखेत धरून ओढलं. टेम्पो ती बसली होती त्या जागेवरून मागे गेला.

तिला रागावण्यासाठी विनितानं तोंड उघडलं. पण तारा तिच्या ओठांकडे टक लावून बघत होती. घाबरलेली नव्हती. काय झालं तेच तिला कळलं नव्हतं.

"तुका आयकाक येना नाय काय?" विनितानं हळू विचारलं.

"तू हाक मारलंस?" तारा म्हणाली.

त्या दिवशी दुकान लवकर बंद झालं. सखाराम दिवेलागणीला घरी आला तेव्हा विनितानं ताराला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि त्याला मागून बोलायला सांगितलं. तो दोनदा बोलला. तारा वळली नाही. मग तो पुढे जाऊन तिच्यासमोर बसला.

म्हापशाला कान-नाक-घशाच्या डॉक्टर शीतल यांच्याकडे दोघं ताराला घेऊन गेली. डॉक्टरांनी आधी कान पाहिले, कानात नळी धरून एका यंत्रावर पडद्याची हालचाल तपासली. मानेचा बाजूनं एक्स-रे काढला. मग नाकात औषध घालून सुतासारख्या बारीक दुर्बिणीनं आत पाहिलं. तारा रडली, पण सखारामचा अंगठा धरून बसून राहिली.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "नाकाच्या मागे, घशाच्या वर, सगळ्याच मुलांना असं मांस असतं. अ‍ॅडिनॉइड म्हणतात त्याला. वाढत्या वयात ते आपोआप आक्रसतं. हिचं फार सुजलंय. नाकाची वाट बुजली, म्हणून ती तोंडानं श्वास घेते. कानाकडे जाणारी बारीक नळीही तिथंच उघडते. ती दाबली गेली आणि पडद्यामागे पाणी साठलं. डोकं पाण्यात बुडवून ऐकावं तसं तिला ऐकू येत असणार."

"म्हणजे ती मुद्दाम करी नव्हती," विनिता म्हणाली.

"नाही. बिचारी जेवढं कळतंय तेवढ्यावर चालवून घेत होती."

पहिल्यांदा नाकात मारायचा फवारा दिला. काही महिने वाट बघू, पुष्कळ मुलांना एवढं पुरतं, असं डॉक्टर म्हणाल्या. विनितानं एक दिवसही चुकवला नाही. पण दिवाळी गेली तरी घोरणं तसंच आणि कानातलं पाणीही तसंच. मग ऑपरेशन ठरलं. मांस तोंडातूनच काढायचं, बाहेर कुठे चिरायचं नाही. पडद्याला बारीक भोक पाडून पाणी काढायचं आणि तिथं एक चिमुकली नळी बसवायची.

"आणि आवाज गेलो तर?" कमल आजीनं विचारलं. मग त्यांनाही डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी त्यांना शेजारी बसवून सगळं पुन्हा सांगितलं. काही दिवस आवाज नाकातून आल्यासारखा वाटेल, मग सुधारेल, हेही सांगितलं. आजी बाहेर येऊन म्हणाल्या, "बरा बोलता ती. करूया."

ऑपरेशनच्या सकाळी ताराला आत नेलं आणि दोघं बाहेर बाकावर बसली. सखारामनं चहा आणला, तो तसाच निवला. डॉक्टर बाहेर येऊन "झालं, बरी आहे" म्हणाल्या, तेव्हा तो भिंतीकडे वळून डोळे पुसू लागला.

तारा थोडी जागी झाली, रडली, पाणी प्याली आणि पुन्हा झोपली. विनिता खाटेजवळ बसली होती. एकाएकी तिच्या लक्षात आलं, तारा घोरत नव्हती. काहीच आवाज येत नव्हता. तिनं धावत नर्सला आणलं. नर्सनं ताराच्या नाकाखाली बोट धरलं, मग विनिताचं बोट घेऊन तिथं धरलं. ऊन ऊन वारा येत होता. तोंड मिटलेलं होतं.

"नाकानं घेतेय श्वास," नर्स म्हणाली. विनिता स्टुलावर बसली आणि पहिल्यांदाच रडली.

घरी आल्यावर तारा सगळ्यांवर वैतागली. मिक्सर लावला की कान झाकायची. आजी जेवायला बोलवायच्या तर म्हणायची, "आजी, इतक्या मोठ्यान कित्याक बोलतस?" तेव्हा घरातल्यांच्या लक्षात आलं, की आपण सगळेच किती दिवस ओरडून बोलत होतो. सखाराम तर फोनवरही ओरडायचा. हळू बोलायची सवय व्हायला बरेच दिवस गेले.

शेवटच्या तपासणीला विनिता एकटीच तिला घेऊन गेली. कान स्वच्छ होते. शुक्रवार, म्हापशाच्या बाजाराचा दिवस होता, म्हणून तिथून दोघींनी चणे घेतले, परतीच्या बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. कोलवाळचा पूल ओलांडेपर्यंत विनिताचा डोळा लागला होता. इतके महिने ती अशी कुठेच झोपली नव्हती.

"आई, ऊठ," तारानं तिला हलवलं. "कंडक्टर धारगळ म्हणालो."